पांढरी चारचा घडा

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके धरून, बाजारात मडके घेताना आधी स्वतःच्या शर्टाची बटणे उघडणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मुलांनो, मागच्या खेपेला तुम्ही त्यांना पाहिले आहे. गच्चीवर उघड्या अंगाने बसून पोटाला मडके लावणारे ते आजोबा कोण, असे धाकटीने मला विचारले होते आणि मी पोळ्यांच्या घाईत "ते व्यायाम करतात" असे सांगून टाकले होते. ते उत्तर चुकीचे होते. आज दुरुस्त करते.

तुमचे आजोबा कळंबजवळच्या ज्या साखर कारखान्यात केमिस्ट होते, तिथे हे पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्याचा पाक मोठ्या बंद कढईत शिजवतात, तिला पॅन म्हणतात, आणि पाकात साखरेचा दाणा नेमका कधी धरतो ते ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घेऊन ते उजेडात धरत आणि "आजून न्हाय" किंवा "आता" एवढेच बोलत. तुमच्या आजोबांच्या प्रयोगशाळेतली सगळी यंत्रे नंतर तेच सांगत. गल्लीत त्यांना तात्या म्हणतात, पण तुमचे आजोबा अजूनही "अहो पॅनमन" अशीच हाक मारतात आणि तेही "काय सायेब" अशीच ओ देतात. दोघेही निवृत्त होऊन जमाना झाला, तरी कारखाना काही त्यांच्या अंगातून गेलेला नाही.

ते मडके म्हणजे घटम. दक्षिणेकडच्या शास्त्रीय गाण्यात मृदंगाबरोबर ते वाजते. आपल्या माठासारखेच दिसते, पण जाड, जड, आणि माती मळताना तिच्यात लोखंडाचा कीस घातलेला असतो, म्हणून त्याला खणखणीत नाद येतो. मांडीत घेऊन बोटांनी, नखांनी, तळव्यांनी ते वाजवतात, आणि त्याचे तोंड स्वतःच्या उघड्या पोटावर टेकवतात. पोट दाबले की आवाज कोंडतो, सोडले की घुमतो. म्हणजे निम्मे वाद्य कुंभाराने केलेले आणि निम्मे वाजवणाऱ्याने वर्षानुवर्षे जेवून केलेले, असा हा मामला आहे.

यावरून तुम्हाला कळेल की आपल्या डॉक्टरांनी जेव्हा पॅनमनना वजन उतरवायला सांगितले, तेव्हा तो नुसता तब्येतीचा प्रश्न नव्हता. त्यांनी दोन महिने इमानाने फिरून पाहिले. पट्टा दोन भोके आत गेला, त्यांच्या घरच्या काकूंना आनंद झाला, आणि एका सकाळी गच्चीवरून घटमचा आवाज आला तो कुणी तरी पत्र्याचा डबा बडवावा तसा. ते खाली आले आणि थेट दवाखान्यात गेले. तिथला संवाद मला डॉक्टरांनीच नंतर सांगितला. "साखर कमी झाली आहे, तात्या, चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर कमी झाली, पर खर्ज बी गेला की," पॅनमन म्हणाले. शेवटी तडजोड झाली. त्यांनी जन्मभर जी साखर तयार केली ती खायची सोडायची आणि पोट मात्र तसेच ठेवायचे. आता ते कोरा, अगोड चहा पितात आणि पिताना तोंड असे करतात की समोरच्याला आपलाच काही अपराध झाल्यासारखे वाटते.

त्यांना ठोकून पाहण्याचा नाद आहे. कलिंगड, नारळ, गॅसची टाकी, मोटारसायकलवाल्याच्या हातातले हेल्मेट, काही म्हणजे काही त्यांच्या बोटांतून सुटत नाही. आमच्या गल्लीत एकानेही गेल्या कित्येक वर्षांत फिके कलिंगड खाल्लेले नाही, कारण कलिंगड आणले की आधी ते कुंपणावरून पॅनमनपुढे धरायचे आणि मग कापायचे. पण समोरच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला त्यांना बोलावले ती मात्र चूक झाली. पूजा चालू असताना हे पाटावरून उठले आणि बोटाच्या पेराने फरशी ठोकत खोलीभर ओणव्याने फिरले. "हितं पोकळ हाय. हितं बी. ह्या कोपऱ्यात तर निसता ढोल हाय." बांधकाम करणारा ठेकेदार जेवायला बसला होता, तो जेवता जेवता सात फरश्या पुन्हा बसवून देण्याचे कबूल करूनच उठला. तेव्हापासून या भागातले ठेकेदार वास्तुशांतीचे आमंत्रण आले की आधी विचारतात, पलीकडचे तात्या येणार आहेत का.

आणि एसटीचा प्रवास. घटम ते स्वतःच्या मांडीवर घेऊनच नेतात, आणि धक्का लागू नये म्हणून त्याचे तोंड पांढऱ्या फडक्याने बांधतात. आता तुम्हीच विचार करा. आपल्याकडे तोंडाला फडके बांधलेले मडके मांडीवर घेऊन, डोळे मिटून, ओठांत काही तरी पुटपुटत बसलेला वयस्क माणूस पाहिला, तर लोक काय समजतील? भिगवणला जाणाऱ्या गाडीत पहिल्याच वेळी एक तरुण चटकन उठला आणि त्याने जागा दिली. एका म्हाताऱ्याने मडक्याला हात लावून तो कपाळाला लावला. शेजारच्या बाईंनी हलक्या आवाजात विचारले, "कोण गेलं वो, आबा?" पॅनमन मनातल्या मनात ताल मोजत होते, त्यांना विचारलेले नीट उमगले नाही. "आजून कोणच न्हाय. मीच चाललोय," ते म्हणाले. बाई पुढच्या थांब्याला उतरून दुसऱ्या दाराने चढल्या, असे ते सांगतात. ते खरे असेल असे मला वाटत नाही, पण त्यांना एसटीत कधी उभे राहावे लागत नाही, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पणदऱ्याच्या ऊसवाल्या घरातल्या माणसाला हे वाद्य सापडले कसे, ते आता सांगते. कारखान्याचे मोठे इंजिनिअर मद्रासकडचे होते. त्यांच्या पत्नी गात असत आणि ते स्वतः घटम वाजवीत. सगळी वसाहत त्या बाईंना अम्मा म्हणे. गाळप हंगाम संपला की कारखाना बंद, दुपारी वसाहतीत चिटपाखरू नसे. अशा एका दुपारी बाविशीतले पॅनमन रजेचा अर्ज घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेले. आत गाणे चालू होते, म्हणून पायरीवर बसले. गाणे संपले तरी ते उठले नाहीत. अर्ज खिशातच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी ते अर्ज न घेताच गेले. पुढे किती तरी वर्षे, दर उन्हाळ्यात, त्या पायरीवरून ते व्हरांड्यात, व्हरांड्यातून सतरंजीवर असे सरकत गेले. इंजिनिअरसाहेब तोंडाने बोल म्हणत, पॅनमन ते पणदऱ्याच्या उच्चारात परत म्हणत, आणि अम्मा हसू दाबून हाताने ताल धरत. निवृत्त होऊन मद्रासला परत जाताना साहेबांनी आपले घटम त्यांच्या हातात दिले. "हा अम्माच्या आवाजाचा घडा आहे," असे सांगून दिले. घटमला एकच पट्टी असते. तबल्यासारखे ते ठोकून वर किंवा खाली लावता येत नाही. ज्या स्वरात भट्टीतून निघाले त्याच स्वरात ते जन्मभर बोलते. हा घडा पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराचा होता, कारण अम्मा पांढरी पाचमध्ये गात. पुढे साहेब वारले. घडा राहिला, आणि पॅनमननी तो रोज पुसला, रोज वाजवला.

गेल्या वर्षी वसाहतीतल्या जुन्या मंडळींनी एक मेळावा ठरवला आणि अम्मांना बोलावले. अम्मांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी फोनवर सांगितले की येईन, आणि गाईनसुद्धा, पण घटमवर आपला मुलगाच पाहिजे. मुलगा म्हणजे पॅनमन. हे ऐकल्यापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. मग अम्मांच्या भाचीने त्यांचे एक भजन फोनवर पाठवले. ते त्यांनी ऐकले आणि भर दुपारी आमच्याकडे आले. पाणीसुद्धा घेतले नाही.

"वैनी, पेटी काढा," म्हणाले.

तुमच्या आजोबांची पेटी मी खोळ घालून नीट ठेवलेली असते, ती काढली. त्यांनी फोनवर भजन लावले आणि मला एकेक स्वर दाबायला सांगितला. पांढरी पाच दाबली, जुळेना. पांढरी चार दाबली. अम्मांचा आवाज आणि पेटीचा आवाज एकमेकांत विरघळून गेले. पॅनमननी मला पुन्हा पाच दाबायला लावली, पुन्हा चार. मग ते बराच वेळ आमच्या फरशीकडे बघत बसले. ठोकली मात्र नाही.

"अम्मा खाली आल्यात," ते म्हणाले. "मानसाचा गळा उतरतो. मडकं काय म्हातारं होत न्हाय."

मी म्हटले, मग त्यांना फोन करून विचारा कुठल्या पट्टीत गाणार ते. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. अम्मा हसून म्हणाल्या, विचारायचे काय त्यात, पांढरी पाच, नेहमीचीच. पॅनमन "व्हय, अम्मा" म्हणाले आणि फोन ठेवला. आता पेच तुमच्या लक्षात आला असेल. जुना घडा नेला, तर अम्मांना भर सभेत न पेलणाऱ्या स्वरात ओढून गावे लागणार, आणि वर त्यांचा आवाज फाटणार. तो न नेता खालच्या पट्टीचा नेला, तर "तुमचा आवाज उतरला" हे तोंडावर सांगितल्यासारखे होणार. मी सुचवले की सरळ, सभ्य शब्दांत एक पत्र लिहावे. मी मसुदाही करून देते. त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिले. "वैनी, हे कागदावर लिवायचं न्हाय," म्हणाले.

पण खालच्या पट्टीचा घडा तरी होता कुठे? घटमच्या आत थोडी ओली माती थापली की ते केसभर खाली येते, पण पूर्ण एक स्वर नाही. दक्षिणेतून मागवायचे तर तिथला कारागीर म्हणाला की पाठवीन, पण वाटेत टिकेल याची हमी नाही. तेव्हा पॅनमन इंदापूरच्या एका कुंभाराकडे गेले. तो बिचारा माठ, चुली आणि पणत्या करणारा माणूस. त्याला हे म्हणाले की भिंत जाड ठेव, सगळीकडे सारखी ठेव, मातीत लोखंडाचा कीस घाल, आणि काही झाले तरी पाझरू देऊ नकोस. कुंभाराने हात थांबवून त्यांच्याकडे पाहिले. "तात्या, पानी गार व्हावं म्हणून माझ्या आज्यापासनं आमी मडकं पाझरतं करतोय. आन तुमी म्हनताय पाझरू दिऊ नको. मग ह्यात ठिवायचं काय?"

"कायच न्हाय," पॅनमन म्हणाले. "मोकळंच ठिवायचं."

त्या कुंभाराने ते काम घेतले, ते बहुधा हा माणूस पुढे काय करतो ते बघायला. दर भट्टीला पॅनमन हजर. पूर्वी जसे पॅनसमोर बसत तसे भट्टीसमोर बसायचे, आणि कुंभार राख उकरायला लागला की "आजून न्हाय" म्हणायचे. मडके गार झाले की शर्ट काढून, पोटाला लावून, एक थाप. मग मान हलवायचे. कच्चे असताना बरोबर वाटलेले मडके भाजल्यावर आक्रसून वरच्या स्वरात जाई, मोठे करावे तर एकदम तळाला जाई. एक तडकले, एक मुके निघाले. फुकट गेलेली मडकी ते टाकून देत नसत, गल्लीत वाटत. पाणी त्यात अजिबात गार होत नाही, चहाला आधण ठेवल्यासारखे कोमट राहते. पण त्यांना वाईट वाटेल म्हणून सगळी गल्ली त्या उन्हाळ्यात ते कोमट पाणी प्यायली. आमच्या वाट्याला तीन आली. मी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवून पट्टी लिहून ठेवली, म्हणजे घोटाळा नको. मेळाव्याला आठवडा उरला तेव्हा ते एका दुपारी आले, मांडीवर नवे मडके, आणि पेटीकडे बोट केले. मी चार दाबली. त्यांनी थाप मारली. मग मी पेटीचा भाता सोडला, तरी खोलीत चार वाजतच राहिली.

मेळाव्याला आम्ही आपल्या गाडीने गेलो. तुमचे आजोबा चालवत होते, मी पुढे, आणि मागच्या सीटवर पॅनमन दोन मडक्यांच्या मध्ये, दोन्हीकडे हात टाकून. जुनेही घेतले होते. करणार काय, हे त्यांनी ठरवले नव्हते. वसाहतीच्या शाळेत सतरंज्या घातल्या होत्या. आत जाताना त्यांनी नवा घडा उचलला, जुन्यावर गोधडी नीट पांघरली आणि गाडीचे दार लावले.

अम्मा फार लहानखुऱ्या झाल्या आहेत. व्यासपीठावर बसल्या, पॅनमनच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सूर धरणारी विजेवरची छोटी श्रुतिपेटी पुढे ओढली. ती पांढरी पाचवर लावायला त्यांचे बोट खटक्यावर गेले. मी पहिल्या रांगेतून बघत होते.

"अम्मा," पॅनमन म्हणाले, "एक चूक झाली. आपला घडा तडकला."

अम्मांचे बोट थांबले. "कधी?"

"आत्ता येताना. वाटंत खड्डा लागला. गाडी जोरात आपटली."

तुमच्या आजोबांनी इतक्या वर्षांत गाडी कशावर आपटू दिलेली नाही, आणि त्याचा त्यांना किती अभिमान आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते उठायलाच लागले. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. अम्मांनी वरून त्यांच्याकडे पाहिले, आणि ते अपराध्यासारखे खाली बसले. त्या दिवशीची त्यांची ती कामगिरी मी कधी विसरणार नाही.

"मग हा?" अम्मांनी विचारले.

"हा हिकडचाच, इंदापूरच्या मातीचा. पर एक पट्टी खाली हाय. तुमाला उतरावं लागंल, अम्मा. माझ्यापायी."

सभागृहात कुणाला यातले काही कळत नव्हते. मागे कुणी तरी खुर्च्या मांडत होते. अम्मांनी खटका खाली ओढून पांढरी चारवर आणला.

"उतरते," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी."

मुलांनो, मला गाण्यातले फार कळत नाही, ते तुम्हाला कुणीही सांगेल. पण दिवसभर चपला घालून वणवण केल्यावर घरी येऊन त्या काढाव्यात आणि गार फरशीवर अनवाणी चालावे, तसा तो आवाज चालला. कुठे ओढ नाही, कुठे धाप नाही. शेवटी त्यांनी गाणे थांबवले आणि एकट्या घटमला वाजू दिले. पॅनमननी शर्ट तर सुरुवातीलाच काढून ठेवला होता. समोरच्या मुली आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. अम्मा मांडीवर हाताने ताल देत होत्या आणि त्यांच्या बोटांकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होत्या.

जेवणानंतर हात धुवायला मी अम्मांना नळापाशी घेऊन गेले. त्यांना टॉवेल दिला. त्या हात पुसत राहिल्या, मग वसाहतीच्या भाजीबाजारात शिकलेल्या त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "तो घडा माझ्या यजमानांनी त्याला दिला होता. तो खरंच फुटला असता, तर हा मुलगा आज वाजवायला बसला नसता. कुठं तरी कोपऱ्यात रडत बसला असता." त्यांनीच पुढे सांगितले की फोनवर पांढरी पाच म्हणून बसल्या आणि तेव्हापासून रोज घरी पाचमध्ये गाऊन बघत होत्या. जमत नव्हते. शेवटी, ऐन वेळी घसा बसला म्हणून सांगायचे, असे ठरवून आल्या होत्या. "त्यानं मला उतरायला जागा केली," त्या म्हणाल्या. "त्याला सांगू नका. त्याला वाटू दे."

परतताना गाडीत तुमच्या आजोबांनी खड्ड्याचा विषय काढला नाही. मागच्या सीटवर पॅनमन जुन्या घड्याच्या गोधडीवर हात ठेवून बसले होते. आता सांगण्यापुरता तो घडा फुटलेला आहे. अम्मा फोनवरून त्यांना वाजवायला लावतात, तिकडे भाची व्हिडिओ लावते आणि इकडचे सगळे घर अम्मांना दिसते, म्हणून तो घरात ठेवायचीही सोय राहिली नाही. तो माझ्याकडे, वरच्या कप्प्यात आहे. अधूनमधून येतात, पुसतात, आणि न वाजवता परत ठेवतात. साहेबांचा घडा असा जिवंतपणी मेलेला सांगितला, याचे त्यांना फार लागले आहे.

परवाही आले होते. पुसून झाल्यावर फडक्याची घडी करत म्हणाले, "वैनी, अम्मांना काय कळलं नसंल न्हवं?"

खोटे बोलू नये हे मी तुमच्या आईबाबांना शिकवले, आणि दर सुट्टीत तुम्हालाही शिकवते. तरी मी म्हटले, "नाही, तात्या. त्यांना काही कळलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग कप्प्याचे दार हलकेच लावून घेतले आणि म्हणाले, "बरं झालं."